माणशी किती?

कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या एका फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतण्याच्या कारखान्यात, मी एकवीस वर्षं कॉस्टिंगचं काम केलं. कॉस्टिंग म्हणजे खर्चाचा हिशोब. भट्टीवरच्या माणसांसाठी कास्टिंग म्हणजे ओतलेला नग. कोल्हापुरी उच्चारात दोन्ही शब्द एकच ऐकू येतात, त्यामुळे नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मी दोनदा चुकीच्या मीटिंगला जाऊन बसले होते.

रोज संध्याकाळी पाचच्या सुमाराला माझ्या टेबलावर चिठ्ठ्या यायच्या. भट्टीवरून किती टन वितळलं, मोल्डिंगवरून किती साचे भरले, फेटलिंगवरून किती नग साफ झाले, आणि तपासणीतून किती नग नापास. काळ्या बोटांचे ठसे असलेल्या त्या चिठ्ठ्यांवरून मी एक मोठं रजिस्टर भरायचे. त्याच्या उजव्या टोकाला शेवटचा रकाना होता, त्यावर लाल शाईत लिहिलेलं होतं : 'माणशी'. पास झालेला माल भागिले हजर माणसं. पहिल्याच महिन्यात मालकांनी त्या रकान्यावर बोट ठेवून सांगितलं, "बाई, बाकी कुठं उन्नीस-बीस झालं तर चालंल. हा आकडा चुकवू नका."

घरी हे सांगितल्यावर आण्णा हसले. "माणशी तर लग्नात बुंदी मोजत्यात."

आण्णा म्हणजे माझे वडील. कोल्हापूरच्या उद्यमनगर या कारखान्यांच्या भागात अडतीस वर्षं टर्नर, म्हणजे लेथवर लोखंड कातून घडवणारे. त्यांच्यासमोर 'श्रम उत्पादकता' हा शब्द मी एकदाच उच्चारला, तोही एका अर्थशास्त्रावरच्या व्याख्यानाला जाऊन आल्याच्या उत्साहात. त्यांनी शांतपणे विचारलं होतं, "म्हणजे मशीन कुणाचं त्यावर?" त्यावर तिथल्या तिथं मला काही बोलता आलं नाही. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाला बऱ्याच वर्षांनी सुचलेलं, अर्धंमुर्धं उत्तर आहे.

आण्णा चौदाव्या वर्षी कारखान्यात लागले तेव्हा तिथं आढ्याला एक लांब लोखंडी दांडा फिरायचा. कोपऱ्यात एकच मोटर, तिच्यावर तो दांडा, दांड्यावर पुल्या आणि पुल्यांवरून खाली उतरणारे चामड्याचे पट्टे. एकेका पट्ट्यावर एकेक लेथ. पट्टा तुटला की एक लेथ बंद, मोटर बसली की पाचही बंद, आणि मग पाचही टर्नर बाहेर येऊन चहा पीत. पुढे त्यांनी आईच्या पाटल्या गहाण ठेवून आणि बँकेचं कर्ज काढून स्वतःचा लेथ घेतला. त्याला स्वतःची मोटर होती. त्या लेथच्या हेडस्टॉकला दसऱ्याला घातलेला झेंडूचा हार पुढच्या दसऱ्यापर्यंत सुकून तसाच लटकलेला असायचा. ऑइल इंजिनचे पार्ट, उसाच्या चरकाचे रोलर, पंपाचे शाफ्ट, जे येईल ते. साठीच्या जवळ आल्यावर धंदा झेपेना, तेव्हा ओळखीच्या एका कारखान्यात ते पगारावर गेले. तिथं सीएनसी, म्हणजे संगणकाच्या हुकमावर चालणारं मशीन आलेलं होतं.

ज्या पुलीला लेथवर वीस मिनिटं लागायची, ती सीएनसीवर तीन मिनिटांत पडू लागली. आण्णांची 'माणशी' सहापटीच्याही वर गेली, आणि तीसुद्धा गुडघे दुखायला लागल्यावर, डोळ्यांना चष्मा लागल्यावर. अख्ख्या आयुष्यात ते एवढे 'उत्पादक' कधीच नव्हते. त्या दिवसांत घरी आले की हात पुढं धरून बघत बसायचे. "काय करतो मी तिथं? दार उघडतो, जॉब घालतो, दार लावतो, हिरवं बटण दाबतो. हात रिकामंच राहत्यात."

आमच्या फौंड्रीत नवी मोल्डिंग लाइन आली त्या वर्षी माझ्या शेवटच्या रकान्यात हेच झालं. हातानं वाळू ठोकून साचे भरणारी माणसं होती तीच, पण आता यंत्र दाबानं वाळू बसवत होतं आणि माणसं त्यात कोअर, म्हणजे नगातली पोकळी राखणारे वाळूचे गाभे, ठेवत होती. चार महिन्यांत आकडा दुपटीच्या वर गेला. लगेच युनियनची माणसं माझं रजिस्टर घेऊन मालकांकडं गेली : माणशी दुप्पट माल निघतोय, पगार वाढवा. मालकांनी तेच रजिस्टर तेच पान उघडून दाखवलं : माणसं तीच, तास तेवढेच, वाढ मशीननं केली आणि मशीनचा हप्ता मी भरतोय. दोघंही खरं बोलत होते. मी मधे उभी, हातात कॅल्क्युलेटर. शेवटी पगारवाढ झाली, दोघांनाही न पटणारी. तेव्हापासून मला त्या रकान्याचं नाव खटकायला लागलं. भागाकार माणसांनी होतो म्हणून त्याला 'माणशी' म्हणायचं, पण त्यात माणूस किती आणि त्याच्या भोवतालचं किती, हे तो रकाना सांगत नाही.

हे मला नीट दिसलं ते एका मोल्डरमुळं. पलामूचा होता, झारखंडातला. फौंड्रीत माणसांची नावं जिल्ह्यावरून पडतात, त्यामुळं त्याला सगळे पलामूच म्हणायचे. एकोणिसाव्या वर्षी आला. घरी कोरडवाहू जमीन, पावसावर एक भाताचं पीक, तेही दोन-तीन वर्षांतून एकदा हातचं जायचं. उन्हाळ्यात मोहाची फुलं वेचायची, हिवाळ्यात वीटभट्टी. मी एकदा गंमत म्हणून त्याच्याकडून विचारून विचारून त्याच्या गावाकडच्या वर्षाचा हिशोब मांडला. काम वर्षभर होतं, आणि त्याचे पैसे आमच्याकडच्या त्याच्या दोन-अडीच महिन्यांच्या पगाराएवढे भरले. आमच्याकडं येऊन दीड महिन्यात तो लाइनवर असा हात चालवायला लागला की सुपरवायझर इतरांना त्याच्याकडं बघायला सांगायचा. गाडीत बसताना होते तेच हात घेऊन तो उतरला होता. शाळा तेवढीच, अंगातली ताकद तेवढीच. पलामूत तो मागास भागातला अल्पउत्पादक शेतमजूर, आणि शिरोलीत महाराष्ट्राच्या औद्योगिक उत्पादनात भर घालणारा कामगार.

यात एक गोष्ट अशी आहे की ती कळल्यावर मी काही दिवस त्याच्याशी डोळ्याला डोळा देऊन बोलू शकले नाही. तो ज्या भागातून आला तिथं देशातलं बरंच लोखंड आणि कोळसा निघतो. जमशेदपूरचा कारखाना १९०७ साली सुरू झालेल्या कंपनीचा, बोकारोचा साठच्या दशकातला. कारखाने खाणींच्या शेजारी आले, तसे त्यांच्या आजूबाजूला शेकडो इंजिनिअरिंगचे छोटे धंदेही यायला हवे होते. पण १९५० च्या दशकात केंद्र सरकारनं मालवाहतूक समानीकरणाचं धोरण आणलं. पोलाद देशभर कुठंही न्या, भाव एकच, वाहतुकीचा बोजा सगळ्यांवर सारखा वाटलेला. हेतू चांगला होता, उद्योग सगळीकडं पसरावेत. पण खाणीशेजारी असण्याचा जो एकमेव फायदा त्या भागाला होता, तो त्यानं पुसून टाकला. मग ज्याला कारखाना काढायचा त्यानं तो बंदराजवळ, बाजाराजवळ, म्हणजे मुंबई-पुण्याकडं, गुजरातेत, तमिळनाडूत काढला. हे धोरण १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला गेलं. तोवर चाळीसेक वर्षं झाली होती आणि धंदे जिथं बसायचे तिथं बसले होते. आमच्या कोल्हापूरच्या भट्ट्यांनाही त्या स्वस्त अंतराचा लाभ मिळालाच असणार. आधी पलामूच्या बाजूचं लोखंड आलं, आणि मागून पलामू आला.

आता हे सगळं भांडवलाचंच आहे असं म्हटलं तर सोपं उत्तर समोर दिसतं. जिथं माणशी उत्पादन कमी, तिथं यंत्रं नेऊन ठेवा. अर्थशास्त्रातही अगदी प्राथमिक पायरीला हेच शिकवतात, आणि ते चुकीचं नाही. ज्याच्या हातात विळा आहे त्याला पंप दिला तर तो जास्त पिकवतो, यात वाद कसला? आमच्या गुऱ्हाळांचंच बघा. बैलाच्या चरकाच्या जागी इंजिनचा चरक आला आणि रस काढायला लागणारा दिवस तासांवर आला. पण पुढचं गुळव्याला ठाऊक असतं. चरक आणखी मोठा आणला तर रस वाढेल, काहील तेवढीच राहील. काहिली दोन केल्या तर चुलवाणात जळण घालणारा एकच, आणि पाक उतरवायची घटका ओळखणारा गुळव्याही एकच. पहिल्या इंजिनानं जो फरक पडला तो दुसऱ्यानं पडत नाही आणि तिसरं तर उन्हात गंजत पडतं. पुस्तकात याला घटता परतावा म्हणतात.

रॉबर्ट सोलो या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानं १९५७ साली आपल्या देशाचा १९०९ ते १९४९ असा चाळीस वर्षांचा हिशोब मांडला. त्या काळात एका श्रमतासामागं निघणारं उत्पादन साधारण दुप्पट झालं होतं. यंत्रं, इमारती वाढल्यामुळं त्यातलं किती, असं त्यानं काढलं तर उत्तर आलं, आठातला एक हिस्सा. उरलेले सात हिस्से त्यानं 'तांत्रिक बदल' या नावाखाली टाकले, ज्यात शिक्षण, कामाची पद्धत, नवं ज्ञान असं जे जे थेट मोजता आलं नाही ते सगळं आलं. माझ्यासारख्या हिशोबनिसाला हे वाचून फार गंमत वाटली. आम्हीही ताळा जुळला नाही की उरलेली रक्कम 'किरकोळ'मध्ये टाकतो. फक्त आमचं किरकोळ आठातलं सात नसतं.

रॉबर्ट ल्युकस या दुसऱ्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाचा प्रश्न याहून टोकदार होता, आणि त्यात उदाहरण आपलंच होतं. १९९० साली त्यानं विचारलं, श्रीमंत देशातून गरीब देशाकडं भांडवल वाहत का नाही? पाठ्यपुस्तकाच्या सूत्रानं त्यानं हिशोब केला तर भारतात गुंतवलेल्या रुपयावरचा परतावा अमेरिकेच्या ५८ पट निघत होता. एवढा नफा खरा असता तर अमेरिकेत एक नवा कारखाना उभा राहिला नसता, सगळा पैसा इकडं आला असता. तो आला नाही, याचा अर्थ ते सूत्र काहीतरी मोजायचं विसरत होतं.

ते काय विसरत होतं, ते मी एकदा प्रत्यक्ष बघून आले. कुणाचा कारखाना, कुठला तालुका हे सांगत नाही. विदर्भात होता एवढं पुरे. महाराष्ट्रात १९६४ पासून उद्योगांना मागास भागात जायला प्रोत्साहनं मिळतात, तालुक्यांच्या अ, ब, क, ड अशा पायऱ्या आहेत आणि सगळ्यात खालची ड-प्लस. आमच्या एका ग्राहकानं अशाच ड-प्लस तालुक्यात मशीन शॉप काढलं. जागा स्वस्त, सवलती भरपूर, मशीनं आमच्या इथल्यापेक्षा नवी. आमच्याकडच्या ओतीव नगांचं मशीनिंग तिथं होणार होतं, म्हणून दर ठरवायला मला पाठवलं. मी कागदावर अंदाज काढून गेले होते : तेच मशीन, तोच जॉब, तीच वेळ, म्हणजे माणशी आकडाही तोच.

मी पोचले त्या दिवशी सहापैकी दोन मशीनं बंद होती. एकाच्या हायड्रॉलिक चकचं, म्हणजे जॉब पकडून ठेवणाऱ्या भागाचं, सील गेलं होतं. तळहातावर मावेल एवढी रबरी गोल पट्टी. ती नागपूरहून यायची होती, आणायला गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी येणार होता. दुसऱ्या मशीनला वरच्या कंपनीचा इंजिनिअर लागणार होता, तो पुण्याहून, चार दिवसांनी. ऑपरेटर पोरं तिथलीच, आयटीआय झालेली, हुशार. मला त्यांनी प्रोग्राममधली एक चूक दाखवली जी आमच्या इथं दोन महिने कुणाच्या लक्षात आली नव्हती. म्हणजे 'तिकडची माणसं अशीच' म्हणणाऱ्यांना तिथं काही वाव नव्हता. ती पोरं मशीनजवळ उभी राहून वाट बघत होती, एवढंच. त्या महिन्याचा त्यांचा माणशी आकडा आमच्या निम्माही भरला नाही आणि अहवालात मी तो लिहिला. त्या रबरी पट्टीसाठी अहवालात रकाना नव्हता. ती मी समासात लिहिली, पेन्सिलीनं.

उद्यमनगरात तेच सील गेलं असतं तर? आण्णांना विचारलं. ते म्हणाले, "सायकलवर टांग टाकायची, तिसऱ्या गल्लीत जायचं. नसलं तर त्यो लेथवर बसवून नायलॉनचं करून देतोय, संध्याकाळपर्यंत चालतंय. आन् उद्या पैसं दिलं तरी चालतंय." ही 'उद्या पैसं दिलं तरी चालतंय' ही सोय कुठल्या सरकारी योजनेत बसवायची, मला माहीत नाही.

इटलीनं दक्षिणेकडच्या मागास प्रदेशासाठी १९५० साली एक मोठा निधी उभा केला आणि तो १९८४ पर्यंत चालवला. रस्ते, धरणं, मग मोठमोठे पोलादाचे आणि रसायनांचे कारखाने. त्यातल्या कित्येक कारखान्यांच्या आजूबाजूला दुसरं काहीच उगवलं नाही, म्हणून लोक त्यांना 'वाळवंटातली कॅथेड्रल्स' म्हणायला लागले. मी ते वाचलं तेव्हा मला तो सहा मशीनांचा शेड आठवला, समोर कापसाचं शेत, गेटवर एक कुत्रं.

कोल्हापूरचं म्हणाल तर इथलं भांडवल एका रात्रीत आलं नाही आणि सगळं यंत्राच्या रूपातही आलं नाही. मिरजेहून रेल्वे १८९१ ला आली. शाहूपुरीची पेठ शाहू महाराजांनी १८९५ साली वसवली, गुळाच्या व्यापाराला जागा मिळावी म्हणून. शाहू मिल ही कापडाची गिरणी १९०६ ची. राधानगरीचं धरण महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हाती घेतलं, पैशाअभावी मधेच थांबलं, आणि पुरं झालं स्वातंत्र्यानंतर. एवढ्या काळात त्या गुंतवणुकीचा परतावा कुठल्या ताळेबंदात दाखवायचा? त्या पाण्यावर ऊस वाढला, उसाला चरक लागले, चरकांना इंजिनं लागली, इंजिनं बिघडली म्हणून मिस्त्री तयार झाले. म्हादबा मिस्त्रींचं नाव उद्यमनगरात अजून आदरानं घेतात, आणि ते नुसतं एका माणसाचं नाव राहिलेलं नाही. बाहेरचं इंजिन खोलून, समजून घेऊन, इथं तसंच बनवायचं ही सवय त्या नावात आहे. त्यानंतर गोकुळ शिरगाव, शिरोली, कागल इथं औद्योगिक वसाहती आल्या. तोवर रबरी पट्टी करून देणारा तिसऱ्या गल्लीत बसलेला होताच.

आणि तरीही नुसता भोवताल पुरत नाही. शाहू मिलचंच बघा. भोवती अख्खं शहर वाढलं आणि मिलचा भोंगा कायमचा बंद झाला. वेळेवर नवी यंत्रं आली नाहीत, तेव्हा तिथल्या विणकरांच्या हातातली कला माणशी आकड्यात शून्य झाली. आमच्या फौंड्रीतही विजेनं हेच करून दाखवलंय. इंडक्शन भट्टीत एक टन लोखंड वितळवायला सहाशे युनिटच्या आसपास वीज लागते, त्यामुळं दर रुपयानं वाढला की माझं अख्खं पान बदलायचं. पलीकडं कर्नाटकात वीज स्वस्त, असं म्हणत किती मालकांनी निपाणी-बेळगावकडं जागा बघितल्या असतील. आमच्याही मालकांनी बघितली. परत आल्यावर फक्त एवढंच बोलले, "जागा झ्याक हाय. पण पॅटर्नवाला कोल्हापुरातनंच न्यावा लागंल." (पॅटर्नवाला म्हणजे साच्यासाठी नमुना बनवणारा.) आणि विषय बंद.

इथं एक कोल्हापुरी राग नोंदवून ठेवते. प्रादेशिक असमतोल मोजायला राज्य सरकारनं १९८३ साली अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिनं १९८४ मध्ये अहवाल दिला आणि रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य अशा क्षेत्रांत कोण किती मागं आहे ते रुपयात मांडलं : राज्याचा एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी. कामाची गोष्ट होती, कष्टाची होती. पण तिच्या भाषेत विदर्भ विदर्भ आहे, मराठवाडा मराठवाडा आहे, आणि आम्ही 'उर्वरित महाराष्ट्र'! पंचगंगेच्या काठी उभं राहून कुणाला हे ऐकवून बघा. राग सोडला तर त्या पद्धतीत मला माझंच रजिस्टर दिसतं. रस्ता किती किलोमीटर कमी, पाण्याखाली किती हेक्टर कमी, हे मोजता येतं म्हणून मोजलं. ते भरून काढणं गरजेचंच आहे, ज्या गावाला पाणी नाही त्याला 'तिसऱ्या गल्ली'चं कौतुक सांगण्यात अर्थ नाही. पण किलोमीटर भरले म्हणजे माणशी आकडा आपोआप भरतो, असं धरून चाललं की समासात पेन्सिलीनं लिहायचं खूप राहून जातं.

हा आकडा फसवतोही. जामनगरला जगातल्या सगळ्यात मोठ्या तेलशुद्धीकरण प्रकल्पांपैकी एक आहे. अवाढव्य भांडवल, त्यामानानं मूठभर माणसं. तिथला माणशी आकडा बघून शेजारच्या गावातल्या भुईमूगवाल्याची उत्पादकता वाढली असं कुणी म्हणणार नाही, पण जिल्ह्याची सरासरी काढताना तोही त्यातच मोजला जातो. आणि किंमतीचं तर विचारूच नका. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल दिसली आणि तिची किंमत लाखाच्या घरात असल्याच्या बातम्या आल्या. आमच्याकडं सुभाषनगरात तसलाच जोड करणाऱ्या कारागिराचा दिवस, सुई, कातडं, सगळं होतं तिथंच होतं. बाजार कुणाच्या हातात, यावर त्याची 'उत्पादकता' ठरते. माझ्या रजिस्टरात तरी किलो होते, रुपये नव्हते, हे त्यातल्या त्यात बरं.

यंत्र आलं की सगळ्यांचं भलं होतं असंही नाही, आणि हे सांगितल्याशिवाय मला मामांना तोंड दाखवता यायचं नाही. मामांचे इचलकरंजीत आठ साधे माग होते. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी, जहागीरदार नारायणराव घोरपड्यांच्या पाठबळावर, तिथं पहिला यंत्रमाग बसवला. त्यातून अख्खं शहर खटखटायला लागलं. साध्या मागाचा धोटा मिनिटाला शंभर-दीडशे फेऱ्या मारतो. एअरजेट मागाला धोटाच नाही, हवेच्या झोतानं बाण्याचा धागा पलीकडं जातो, मिनिटाला सहाशेच्या वर. १९९९ ला केंद्राची तंत्रज्ञान सुधारणेची कर्जयोजना आली तेव्हा ज्यांच्याकडं तारण होतं त्यांनी नवे माग आणले. मामांकडं तारण म्हणजे राहतं घर. त्यांनी घर वाचवलं. मग ५२ पिकाच्या, म्हणजे इंचाला बाण्याचे ५२ धागे असलेल्या, कापडाला मीटरमागं काही पैसे या मजुरीवर ते पंधरा वर्षं टिकले, आणि एका पावसाळ्यात आठही माग किलोवर भंगारात दिले. शहराचा माणशी आकडा त्या वर्षी वाढलाच असणार. कमी उत्पादक माग आणि ते चालवणारी माणसं भागाकारातून गेली की सरासरी वर सरकते. कांड्या भरणारी मामी मग एका पोळी-भाजी केंद्रात लागली. ती कुठल्याही आकड्यात नाही.

आण्णांचा जुना लेथ आमच्या अंगणात पत्र्याखाली तेरा वर्षं पडून होता. ग्रीस लावलेला, पोत्यानं झाकलेला. भंगारवाला दर दिवाळीला भाव विचारून जायचा आणि आण्णा दर दिवाळीला त्याला चहा पाजून परत पाठवायचे. मला भीती होती की एक दिवस तो आमच्याच फौंड्रीच्या भट्टीत जाणार आणि त्याचं वजन मलाच लिहावं लागणार.

तो घेतला पलामूनं. घरी कायमचं जायचं ठरवलं होतं त्यानं, बाप थकला होता. गावाजवळच्या बाजारात ट्रॅक्टरची दुरुस्ती होते, पण शाफ्ट टर्न करायचा म्हटलं की जिल्ह्याच्या गावी जावं लागतं, दिवस मोडतो, असं तो सांगत होता. मी त्याला हिशोबानं सांगायला लागले की एवढं ओझं एवढ्या लांब नेणं परवडणार नाही, तिकडं रांचीला मिळेल एखादा. आण्णांनी मला हातानं थांबवलं. त्याला म्हणाले, "टूल घासायला येतंय?"

येत नव्हतं. मोल्डरला कसं येणार?

पुढचे सहा आठवडे सुट्टीच्या दिवशी पलामू आमच्या अंगणात यायचा. आण्णा ग्राइंडरजवळ स्टूल टाकून बसायचे, धार कुठल्या कोनात, ठिणगी लांब पडली तर काय, आखूड पडली तर काय, निळसर झालं तर पाण्यात का बुडवायचं नाही. हिंदी त्यांना धड येत नाही, त्यामुळं निम्मं शिकवणं 'असं नाही, असं' एवढ्यावर चालायचं. पैसे त्यांनी घेतले ते भंगाराच्या भावानं, चार हप्त्यांत. मी त्यावर काही बोलले नाही.

लेथ ट्रकनं गेला. दोनेक महिन्यांनी एका रात्री नऊ वाजता त्याचा व्हिडिओ कॉल आला. मागं बल्बच्या उजेडात हेडस्टॉक दिसत होता, त्याला नवा हार. "मिस्त्रीजी, आवाज़ कर रहा है. लगता है बेअरिंग गया."

आण्णांनी फोन कानाला लावला, चित्राकडं बघायचं सोडून. बराच वेळ ऐकलं. मला टीव्ही बंद करायला सांगितलं, परत ऐकलं.

"बेअरिंग न्हाई रं," ते म्हणाले. "पट्टा सैल हाय. मोटर जरा मागं सरकव, मी ऐकतोय."